हायवेवरची नर्सरी: पुढची रांग सोडा, मागच्या शेडमध्ये जा

नर्सरीचं नाव लिहीत नाही. मालकांच्या घरचं दळण आमच्याच गिरणीत येतं, आणि खाली लिहिलेल्यातलं निम्मं त्यांना आवडणारं नाही. कोल्हापुरातनं हायवेला लागलं की हिरवी नेट मारलेल्या ज्या नर्सऱ्या दिसतात, त्यातली एक समजा. मी जास्वंदीसाठी गेलो आणि पुढंही जास्वंदीसाठीच जात राहिलो, त्यामुळं हा अभिप्राय तेवढ्यापुरताच. गुलाब, शेवंती, लॉन यातलं मला काही विचारू नका.

थोडक्यात मत असं, की माल चांगला आहे, पण चांगला माल पुढं मांडलेला नाही.

आमची पिठाची गिरणी मंगळवार पेठेत. दाराच्या डाव्या अंगाला, भिंतीलगत, दोन हात रुंद मातीची पट्टी आहे. तिथं वडिलांच्या वेळची लाल जास्वंद होती, पत्र्याच्या वर गेलेली. गटारीच्या कामात ती मुळासकट निघाली आणि पहिल्याच संकष्टीला कळलं की त्या झाडावर सगळ्यात कमी हक्क आमचा होता. बायका ज्वारीचा डबा खाली ठेवायच्या आधी विचारायच्या, "मालक, झाड कुठं गेलं?" एक आजी तर सरळ म्हणाल्या, "बिनखांबीच्या गणपतीला आता काय वाहू रे, तुझ्या गिरणीचा पट्टा?" तेव्हा नर्सरी गाठणं भाग होतं.

आत शिरल्या शिरल्या पहिली रांग हायब्रीड जास्वंदीची. पिवळी, केशरी, पांढरी आणि मध्ये लाल डोळा असलेली, एक तर जांभळट राखाडी. फूल बशीएवढं आणि झाड गुडघ्याएवढं. माणूस फुलाकडंच बघतो, आणि ती रांग त्यासाठीच लावलेली असते. बघायचं झाडाकडं. जास्वंद हे झुडूप आहे, जमिनीत मोकळं सोडलं तर आठ-दहा फूट सहज जातं. कुंडीत विकायची रोपं बुटकी आणि भरगच्च राहावीत म्हणून वाढ रोखणारी औषधं द्यायची पद्धत या धंद्यात सगळीकडं आहे. आंबेवाले ज्याला कल्टार म्हणतात, ते पॅक्लोब्युट्रॅझॉल त्यातलंच. त्यात गैर काही नाही. पण त्याचा असर उतरला की झाड आपल्या मूळ चालीवर येतं, पेरांमधलं अंतर वाढतं, फुलं विरळ दिसायला लागतात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की आपल्याच हाताला गुण नाही. पुढच्या रांगेतली रोपं कशी वाढवली आहेत असं मी मालकांना विचारलं. "बाहेरनं गाडी येते" एवढंच उत्तर मिळालं.

दुसरी तक्रार लेबलची. कुंडीवर किंमत आहे, जातीचं नाव नाही. नुसतं 'हायब्रीड'. या मोठ्या फुलांच्या जास्वंदी काही आभाळातनं पडलेल्या नाहीत. हवाई बेटांवर लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वेगवेगळ्या जास्वंदींचा संकर करत आले, आपल्याकडं बंगळुराजवळ हेसरघट्ट्याच्या उद्यानविद्या संस्थेतही नावाजलेल्या जाती तयार झाल्या. प्रत्येकीला नाव आहे, स्वभाव आहे. कुणी उन्हात टिकते, कुणी कळ्याच गाळते. तीनशे रुपये घेताय तर नाव सांगा की. गव्हाच्या पोत्यावरसुद्धा लोकवन की सिहोर ते लिहिलेलं असतं.

एवढ्यावर परत फिरलो असतो, तर दोन स्टार देऊन विषय मिटला असता.

पण पाण्याच्या टाकीपलीकडं पत्र्याची एक शेड आहे. तिकडं गिऱ्हाईक सहसा जात नाही, कारण तिथं फूलच नसतं. काळ्या पिशव्यांमध्ये नुसती काठीसारखी रोपं, खाली चिखल, एका कोपऱ्यात पोत्यावर बसून कलमं बांधणारे एक मामा. साठीच्या पुढचे असतील. मी शेजारी उकिडवा बसलो तरी त्यांनी मान वर केली नाही, ब्लेड चालूच. पेन्सिलीच्या जाडीचा गावठी लाल जास्वंदीचा खुंट, जमिनीपासून वीतभरावर आडवा छाटलेला. त्याच्या मधोमध उभी चीर. दुसऱ्या हातात पिवळ्या जास्वंदीची बोटभर काडी, खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तासून केलेली पाचर. पाचर चिरेत बसवली, एका कडेला साल सालीशी जुळवली, प्लास्टिकची पट्टी खालनं वर घट्ट गुंडाळली, वर छोटी पिशवी टोपीसारखी घातली. पाचर कलम. मी अर्धा मिनिट धरला तर जास्तच होईल.

"दोन्हीची जाडी सारखी नसली तर?" मी विचारलं.

"तर एकाच अंगाला जुळवायचं. मधी ठेवली की गेली," मामा म्हणाले. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघून, "मालक, एक ध्यानात ठेवा. ही लाल खाली, पिवळी वर. जोडाच्या खालनं काय बी फुटलं की खुडायचं. दया दाखवायची न्हाई."

हे वाक्य त्या नर्सरीच्या दारावर रंगवायला पाहिजे. मोठ्या फुलांच्या बऱ्याच जातींची मुळं नाजूक असतात, काडी लावून नीट जगत नाहीत, म्हणून त्यांना गावठीच्या मुळावर बसवतात. गावठी दणकट. तिला संधी मिळाली की ती खुंटातनं फुटवे काढते, आणि ते फुटवे वरच्या पाहुण्यापेक्षा जोरात वाढतात. आमच्या गल्लीत एकांनी केशरी जास्वंद आणली होती. दुसऱ्या पावसाळ्यात तिला लाल फुलं यायला लागली. नारळ फोडायचा तेवढा बाकी होता. जाऊन बघितलं तर केशरी फांदी कधीच वाळून गेली होती, आणि उभी होती ती खालची गावठी. पान बघितलं तरी कळतं. गावठीचं पान लहान, गडद, चकचकीत, कडेला दाते. हायब्रीडचं रुंद आणि जाडसर.

जोडावरची प्लास्टिक पट्टीही तेवढीच महत्त्वाची. साल एकजीव झाल्यावर ती काढायची असते, नाहीतर खोड जाड होताना तिथंच आवळलं जातं. पुढच्या रांगेतनं घेतलेल्या माझ्या पिवळीवर ती तशीच होती, वर हिरवा रंग फासल्यासारखं शेवाळ आलेलं, त्यामुळं दिसतही नव्हती. ब्लेडनं उभी चिरून सोडवली तेव्हा सालीत दोऱ्याएवढी खाच पडलेली. मागच्या शेडमधल्या रोपांवर अशी पट्टी एकाही रोपाला दिसली नाही, कारण तिथं मामा आहेत. मालक एकच, जागा एकच, आणि पुढं-मागं एवढा फरक.

माती हा तिसरा फरक. पुढच्या कुंड्यांत कोकोपीट. वजनाला हलकं, गाडीभाडं वाचतं, रोप टवटवीत दिसतं. पण ते एकदा ठार सुकलं की पाणी आत घेत नाही, कडेकडेनं खाली उतरून जातं. वरनं ओलं, आत कोरडं. असं रोप आणलंच तर लावायच्या आधी अख्खा गोळा बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मागच्या शेडमध्ये तांबडी माती आणि कुजलेलं शेणखत. रोप उचलताना हात दुखतो, पण उन्हाळ्यात एखादा दिवस पाणी चुकलं तरी मान टाकत नाही.

कोल्हापुरात राहणाऱ्यांनी आपल्या मातीचाही विचार करावा. शहरात कुठंही खणा, काळी माती नाहीतर बांधकामाचा राडारोडा. दोन्हीचा स्वभाव अल्कधर्मी, आणि जास्वंदीला किंचित आंबट माती मानवते. वर बोअरचं जड पाणी. मग नवं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे ओळखायला सोपं आहे. लोह मातीत असतं, झाडाला उचलता येत नाही. अशा वेळी नर्सरीच्या काउंटरवर जी रंगीत बाटली देतात ती घेऊ नका. कृषी सेवा केंद्रात हिराकस म्हणजे फेरस सल्फेट मिळतं, स्वस्त. लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम, थोडा लिंबाचा रस पिळून, बुंध्याला. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. नवी पानं हिरवी निघतात; जुनी पिवळी असतील ती गळून जातात, त्यांचा नाद सोडायचा. एक गिऱ्हाईक गुऱ्हाळाची राख आणून देतो म्हणून मागं लागलं होतं. राखेत पालाश, म्हणजे पोटॅश, असतं हे खरं, पण राख स्वतःच अल्कधर्मी. आधीच पिवळ्या झाडाला ती देणं म्हणजे दुखण्यात भर. तांबड्या मातीत, शाहूवाडी-गगनबावड्याकडं, द्या खुशाल.

पाण्याचा निचरा बघा. शहरात जो पाऊस पडतो त्याच्या कितीतरी पट गगनबावड्याला पडतो, तरी आपल्याकडचा जुलैसुद्धा काळ्या मातीत मुळं कुजवायला पुरेसा आहे. मी खड्ड्याच्या तळाला विटांचे तुकडे घातले आणि बुंधा आजूबाजूच्या मातीपेक्षा चार बोटं उंच ठेवला. बस्स.

आता पिठ्या ढेकूण. यासाठी मी नर्सरीचे मार्क कापलेत.

पुढच्या रांगेतलं रोप लावून महिना झाला असेल. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "मालक, झाडावर पीठ बसलंय, पुसा की." आमच्याकडं पीठ सगळ्याच गोष्टींवर बसतं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, माझ्या भुवयांवर, त्यामुळं बघणाऱ्याची चूक नाही. पण गिरणीचं पीठ पानाच्या वरच्या बाजूला बसतं आणि फुंकर मारली की उडतं. हे होतं पानाच्या खाली, देठाच्या बेचक्यात, आणि शेंड्याला. बोटानं दाबलं तर चिकट, गुलाबट रस. शेंड्याची पानं आखडून एकात एक गुंतलेली, कळ्या मोहरीएवढ्याच राहून गळत होत्या. खोडावरनं मुंग्यांची ये-जा. ढेकूण गोड चिकटा सोडतो, तो मुंग्या खातात आणि बदल्यात त्याची राखण करतात. मुंग्या चालू आहेत तोवर औषध मारून उपयोग नाही.

मी केलं ते असं. आखडलेले शेंडे वीतभर खालनं छाटून पिशवीत गाठ मारून टाकले. तिथंच झाडाखाली टाकले तर ढेकूण परत चढतो. पाइपचं पाणी जोरात पानांच्या खालनं मारलं. मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा भांडी घासायचा लिक्विड साबण, आठवड्यानं परत. पावसाळी हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी नावाची बुरशीची पावडर मिळते, ती संध्याकाळी फवारायची. दमट हवेत ही बुरशी ढेकणावर वाढते, उन्हात वाया जाते. आणि मुंग्यांसाठी आमचा घरचा उपाय. खोडाला आधी प्लास्टिकची पट्टी गुंडाळली आणि तिच्यावर गिरणीच्या बेअरिंगचं ग्रीस फासलं. थेट सालीला ग्रीस लावायचं नाही, साल गुदमरते. झाडाची एखादी फांदी भिंतीला टेकत असेल तर तीही कापा, नाहीतर मुंग्यांना तो पूल होतो. झाडाच्या बुंध्यात झाडलोटीचं पीठ टाकायला सांगणारे हुशार लोकही भेटतात. ऐकू नका.

गच्चीवर भेंडी लावणाऱ्यांनी तर जास्त जपावं. भेंडी, कापूस, अंबाडी आणि जास्वंद एकाच कुळातली, एकीवरचा ढेकूण आणि मावा दुसरीवर आनंदानं जातो.

मालकीणबाई दळण घेऊन आल्या तेव्हा मी विषय काढला. "वहिनी, पुढच्या जास्वंदीवर पिठ्या आहे, बाकीच्या रोपांवर जाईल."

"अहो, मी सांगितलो त्यांना. गाडीतनंच तसं येतं म्हणत्यात. उद्या येताना औषधाची पुडी आणतो तुम्हाला," वहिनी म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी खरंच लेकॅनीची पुडी घेऊन आल्या, पैसे न घेता. रोप बदलून मिळालं नाही. मागितलंही नाही मी, पण दुसऱ्या एका गिऱ्हाइकानं मागितलं होतं, त्याला "एकदा नेलं की आमची जबाबदारी नाही" हे उत्तर मिळालं. हे बरोबर नाही. तीनशेचं रोप देताना पानं उलटून दाखवायला अर्धं मिनिट लागतं.

खताचं फार डोक्याला लावून घेऊ नका. जास्वंदीला स्फुरद (फॉस्फरस) कमी आणि पालाश बऱ्यापैकी लागतं, त्यामुळं फुलं येत नाहीत म्हणून स्फुरदवालं डीएपी टाकण्याचा उपयोग होत नाही, उलट जादा स्फुरदामुळं लोह आणखी अडतं. कुजलेलं शेणखत किंवा साखर कारखान्याचं नीट कुजवलेलं प्रेसमड (उसाच्या रसाची मळी), दोन महिन्यांतनं एकदा ओंजळभर. छाटणी महत्त्वाची. फूल नव्या फुटीच्या शेंड्याला येतं, त्यामुळं जेवढे शेंडे तेवढी फुलं. फेब्रुवारीच्या शेवटी मी एक तृतीयांश उतरवतो. निदान पाच तास ऊन हवं. आमच्या पट्टीला सकाळपासून एक वाजेपर्यंत मिळतं, त्यात भागतं.

आता निकाल. मागच्या शेडमधनं आणलेली गावठी लाल आज माझ्या खांद्याला लागली आहे. चाळीस रुपयांचं रोप. रोज फुलं, पाच पाकळ्यांची, साधी. मलेशियानं १९६० साली राष्ट्रीय फूल म्हणून निवडली ती हीच जात. गिऱ्हाइकं आदल्या संध्याकाळीच टपोऱ्या कळ्या खुडून नेतात, पाण्यात न ठेवता नुसत्या ताटात ठेवल्या तरी सकाळी उमलतात. मामांनी बांधलेलं पिवळं कलम दीडशेचं. त्यानं पहिले सहा-सात महिने काही दाखवलं नाही, मग थंडीत असं फूल दिलं की दळण टाकायला आलेली पोरं फोटो काढायला थांबायची. उन्हाळ्यात तेच फूल लहान आणि फिकं येतं, त्याला इलाज नाही. दोन दिवस टिकतं, गावठीचं एकच दिवस. पुढच्या रांगेतलं तीनशेचं वाचलं, जगलं, पण अजून मनात अढी धरून असल्यासारखं वागतं. महिन्यात चार फुलं आणि कळ्यांची गळ. पूजेसाठी हवी असेल तर गावठी घ्या, शोभेला हवी असेल तर मामांचं कलम. दुहेरी पाकळ्यांची मात्र विचार करून घ्या, पाणी मागं-पुढं झालं की कळी गाळण्यात ती सगळ्यांत पुढं.

गावठीसाठी खरं तर नर्सरीत जायचीही गरज नाही. जूनमध्ये कुणाकडनं वीतभर काडी आणा, निम्मी मातीत खोचा, सावलीत ठेवा. आमच्या झाडाच्या काड्या आता निम्म्या पेठेत आहेत. त्या आजींनीही नेली.

सेवेबद्दल चारच ओळी. पार्किंग नाही, गाडी सर्व्हिस रोडला लावावी लागते. टेम्पोनं घरपोच देतो म्हणतात, पण टेम्पो दुसऱ्या दिवशी आला आणि भाडं सांगितलं त्यापेक्षा पन्नास जास्त लागलं. फोनवर पैसे घेतात, बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. रविवारी गर्दी असते आणि मामा त्या दिवशी येत नाहीत, म्हणून मधल्या वारी सकाळी जा. काउंटरवरची पोरं पुढच्या रांगेकडं वळवतील, "मागं काय नाही" असंही म्हणतील. सरळ टाकीपलीकडं चालत जा. पट्टी काढलेली, जोडाच्या वर दोन-तीन फांद्या असलेली, पानं उलटून स्वच्छ दिसणारी पिशवी निवडा, आणि पिशवीवर मार्करनं रंग लिहून घ्या मामांकडनं, कारण फूल नसताना पिवळी आणि केशरी मामांनाच ओळखू येते.

मालाला पाचपैकी चार, मागच्या शेडच्या. पुढच्या रांगेला दोन.